लिव्हरमधल्या गाठीची कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी: व्हायल उघडण्यापासून पाचव्या मिनिटापर्यंत

सोनोग्राफीत लिव्हरमध्ये गाठ दिसली की रिपोर्टच्या शेवटी ‘सीटी किंवा एमआरआय करून घ्यावा’ एवढं लिहून आपण मोकळे होतो. रुग्णाची पायपीट तिथून सुरू होते. त्यात क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं असेल तर सीटीवाले आयोडीनचा डाय द्यायला कचरतात, एमआरआयवाले त्यांचं कॉन्ट्रास्ट, गॅडोलिनियम, द्यावं की नाही याचा विचार करत बसतात, आणि ‘गाठ कसली आहे?’ हा मूळ प्रश्न तसाच लोंबकळत राहतो. खरं तर ज्या टेबलावर गाठ सापडली त्याच टेबलावर, त्याच प्रोबने, पाच-सहा मिनिटांत या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा मिळू शकतं. त्यासाठी सूक्ष्म बुडबुड्यांचं कॉन्ट्रास्ट लागतं, मशीनमध्ये त्याचं सॉफ्टवेअर लागतं आणि करणाऱ्याच्या हाताला शिस्त लागते.

हा लेख मुख्यतः रेडिओलॉजीचे रेसिडेंट, स्वतःचं सेंटर चालवणारे सोनोलॉजिस्ट आणि त्यांच्या शेजारी सिरिंज धरून उभ्या राहणाऱ्या सिस्टर यांच्यासाठी आहे. घरच्या कुणाला ही तपासणी सांगितली असेल त्यांनीही जरूर वाचावा. मशीनच्या सेटिंगचा भाग त्यांनी सोडून दिला तरी चालेल.

ही तपासणी दोन जागी फसते, असं माझं ठाम मत आहे. एक पहिल्या मिनिटात, कारण तयारी नसते. दुसरी चौथ्या-पाचव्या मिनिटात, कारण धीर नसतो. पुढे जे लिहिलं आहे ते या दोन जागा सांभाळण्यासाठीच.

आधी बुडबुडा समजून घ्या

१९६८ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर इथे रेमंड ग्रॅमियाक आणि प्रवीण शाह यांनी एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. हृदयाची तपासणी चालू असताना कॅथेटरमधून द्रव जोरात सोडला की महाधमनीच्या मुळाशी दाट पांढरे प्रतिध्वनी उमटत होते. द्रवासोबत गेलेल्या बारीक हवेच्या बुडबुड्यांचा तो परिणाम होता. पण साधी हवा रक्तात झटकन विरघळते आणि मोठे बुडबुडे फुफ्फुसातल्या केशवाहिन्यांत अडकतात. हातातल्या शिरेत टोचून लिव्हरपर्यंत पोचेल असा बुडबुडा हवा असेल तर तो लाल पेशीपेक्षा लहान, टिकाऊ आणि रक्तात सहज न विरघळणाऱ्या वायूचा असायला हवा होता.

आज आपल्याकडे लिव्हरसाठी प्रामुख्याने वापरलं जातं ते सोनोव्ह्यू. युरोपात त्याला २००१ मध्ये मान्यता मिळाली. अमेरिकेत तेच औषध ल्युमासन या नावाने विकलं जातं आणि लिव्हरमधल्या गाठींसाठी तिथे त्याला २०१६ मध्ये परवानगी मिळाली. आत सल्फर हेक्झाफ्लोराइड वायू आणि बाहेर फॉस्फोलिपिडचं पातळ कवच अशी त्याची रचना असते. बुडबुड्याचा सरासरी व्यास २.५ मायक्रॉन, म्हणजे लाल पेशीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. जपानमध्ये २००७ पासून सोनाझॉइड वापरात आहे. त्यात परफ्लुरोब्युटेन वायू असतो आणि लिव्हरमधल्या परके कण गिळणाऱ्या कुप्फर पेशी त्याचे बुडबुडे गिळतात, त्यामुळे दहा मिनिटांनंतर एक वेगळीच अवस्था पाहायला मिळते. हा लेख मात्र सोनोव्ह्यूपुरता आहे. दोन्हींचे नियम एकमेकांत मिसळू नका.

दोन गुणधर्म पक्के लक्षात ठेवा, पुढचं बरंचसं त्यांतूनच येतं.

पहिला: हा बुडबुडा रक्तवाहिनीच्या बाहेर पडत नाही. सीटी आणि एमआरआयचं नेहमीचं कॉन्ट्रास्ट वाहिन्यांतून झिरपून पेशींमधल्या जागेत जातं. म्हणूनच तंतुमय पित्तनलिकेचा कॅन्सर सीटीत उशिरा उजळताना दिसतो, आणि तोच कॅन्सर बुडबुड्यांच्या तपासणीत लवकर काळवंडतो. दोन रिपोर्ट एकमेकांविरुद्ध वाटतात, पण दोन्ही खरे असतात.

दुसरा: आवाजाच्या दाबाने बुडबुडा आकुंचन-प्रसरण पावतो आणि दाब वाढला की फुटतो. हळू आवाजात तो आपल्या पद्धतीने, म्हणजे आलेल्या लहरीच्या प्रमाणात नसलेला प्रतिध्वनी देतो. आजूबाजूच्या ऊती (टिश्यू) तसं जवळजवळ करत नाहीत. मशीन एकमेकांच्या उलट अशा दोन लहरी पाठवतं आणि परत आलेले प्रतिध्वनी एकत्र करतं. ऊतींचे प्रतिध्वनी एकमेकांना छेदून जातात, बुडबुड्यांचे उरतात. स्क्रीनवर काळ्या पार्श्वभूमीवर फक्त रक्त चमकतं ते यामुळे.

कुणाला करायची, कुणाला नाही

उदाहरण म्हणून एक काका डोळ्यांसमोर ठेवू. वय ५८, हिपॅटायटिस बीमुळे सिरोसिस, क्रिएटिनिन २.८. सहामाही सोनोग्राफीत लिव्हरच्या सेगमेंट ६ (सहाव्या भागा) मध्ये २२ मिलिमीटरची, थोडी काळसर गाठ दिसली आहे. सोबत आलेल्या मुलाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “डॉक्टर, डाय टाकला तर बाबांच्या किडनीला बाधेल का?”

याचं उत्तर मोकळेपणाने द्या. या औषधात आयोडीन नाही. वायू किडनीतून जातच नाही, तो श्वासावाटे बाहेर पडतो. दिलेल्या वायूपैकी ८० टक्क्यांहून अधिक पहिल्या २ मिनिटांत, आणि जवळजवळ सगळा १५ मिनिटांत. कवचातली फॉस्फोलिपिडं शरीरातल्या नेहमीच्या चरबीसारखी पचतात. त्यामुळे क्रिएटिनिन वाढलेलं असो, थायरॉइडचा त्रास असो किंवा रुग्ण डायलिसिसवर असो, तेवढ्या कारणाने ही तपासणी अडत नाही. किरणोत्सर्गही नाही.

अॅलर्जी मात्र होऊ शकते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या एका मोठ्या पाहणीत पोटाच्या २३,१८८ तपासण्यांत त्रास झालेले रुग्ण २९ होते आणि त्यांतले गंभीर फक्त २. मृत्यू एकही नव्हता. आकडा दिलासा देणारा आहे, पण तो शून्य नाही, आणि तुमच्या टेबलावरचा रुग्ण त्या दोघांपैकी एक असू शकतो.

म्हणून आधी विचारायचं:

- या औषधाची किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची अॅलर्जी आहे का? सोनोव्ह्यूमध्ये मॅक्रोगोल ४००० असतं, ते याच कुळातलं. रुग्णाला हे नाव माहीत नसतं. “कोलोनोस्कोपीआधी पोट साफ करायची पावडर पाण्यातून प्यायल्यावर अंगावर पित्त उठलं होतं का, धाप लागली होती का?” असं विचारा, लगेच आठवतं.
- गेल्या काही दिवसांत हार्ट अटॅक, छातीत वारंवार दुखणं, अनियंत्रित रक्तदाब, श्वसनाचा तीव्र विकार, फुफ्फुसांच्या धमन्यांत खूप वाढलेला दाब? यांतलं काही असेल तर फिजिशियनशी बोलल्याशिवाय व्हायल उघडू नका. हृदयात उजवीकडून डावीकडे शंट (रक्ताची आडवाट) असेल तर औषधासोबतचं पत्रक काय सांगतं ते वाचून ठरवा.
- गरोदरपणात शक्यतो टाळा.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारायचा: ही गाठ साध्या सोनोग्राफीत नीट दिसते आहे का? ती डायफ्रॅमखाली लपत असेल, १२ सेंटिमीटरपेक्षा जास्त खोल असेल किंवा लिव्हर चरबीने इतकं पांढरं झालं असेल की खालचा अर्धा भागच दिसत नाही, तर बुडबुडे टाकूनही ती दिसणार नाही. अशा वेळी व्हायल वाया घालवू नये. रुग्णाचे पैसे असतात ते.

तयारी: इथे वेळ घालवा

काकांना चार-सहा तास उपाशी बोलावलेलं बरं. औषधासाठी उपास लागत नाही, पण पोटात गॅस कमी असला की लिव्हर पाहायची खिडकी चांगली मिळते. लेखी संमती घ्या, रक्तदाब आणि ऑक्सिजन मोजा. अॅड्रेनलिनचं अँप्युल, ऑक्सिजन, अँबू बॅग आणि सलाईन खोलीतच हवं. ‘कॅज्युअल्टीत आहे’ हे उत्तर इथे चालत नाही.

आपण रुग्णाच्या उजवीकडे बसतो, म्हणून शीर डाव्या हाताची घ्या. सिस्टरला डावीकडे मोकळी जागा मिळते आणि प्रोबच्या वायरमध्ये कुणी अडकत नाही. कोपराच्या खळगीतली शीर उत्तम. सुई २० गेजची, म्हणजे गुलाबी, किंवा त्याहून जाड. निळी २२ गेजची सुई सिरोसिसच्या रुग्णाला पटकन लागते हे खरं, पण बारीक नळीतून जाताना बुडबुडे फुटतात. दुसरं काहीच मिळत नसेल तरच ती घ्या, आणि मग औषध अगदी हळू ढकला.

थ्री-वे (तीन तोंडांची जोडणी) जोडताना एक बारीक गोष्ट पाहा. कॉन्ट्रास्टची सिरिंज नेहमी सुईच्या सरळ रेषेतल्या तोंडाला, सलाईनची काटकोनातल्या तोंडाला. उलटं जोडलं तर बुडबुडे त्या वळणावर आपटून फुटतात आणि तपासणी फिकी येते. मग दोष मशीनला दिला जातो. इंजेक्शनच्या मार्गात कुठेही फिल्टर नको.

यानंतर साध्या सोनोग्राफीत गाठ शांतपणे पाहा. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायचा. गाठ आणि शेजारची निरोगी लिव्हर दोन्ही एका चौकटीत येतील अशी जागा शोधा. काकांना हळू, उथळ श्वास घ्यायला शिकवा: “काका, खोल श्वास नको. झोपेत घेतो तसा बारीक बारीक घेत राहा.” एकदा खोल श्वास धरायला लावला की पंधरा सेकंदांनी रुग्ण धापा टाकतो आणि नेमकी धमनीची अवस्था, म्हणजे गाठीत धमनीचं रक्त भरण्याची पहिली काही सेकंदं, निसटते. शक्य असेल तर प्रोब लिव्हरच्या हालचालीच्या दिशेत, म्हणजे उभा धरा. मग श्वासागणिक गाठ चौकटीत वर-खाली होते, चौकटीबाहेर जात नाही. कलर डॉपलरने जवळच्या वाहिन्या पाहून ठेवा. गाठीच्या जवळची एखादी खूण, पित्ताशय, किडनीची कड, पोर्टल शिरेची फांदी, मनात पक्की करा. कॉन्ट्रास्ट मोडमध्ये गेल्यावर आजूबाजूचं सगळं काळं होतं आणि नवशिका गाठच हरवून बसतो.

मशीनची सेटिंग

दुहेरी स्क्रीन चालू करा: एकीकडे साधं चित्र, दुसरीकडे कॉन्ट्रास्ट. साध्या चित्रावर गाठ धरून ठेवायची, कॉन्ट्रास्टवर वाचायची.

मेकॅनिकल इंडेक्स, म्हणजे एमआय (आवाजाच्या दाबाचा जोर दाखवणारा आकडा), ०.१ च्या खाली आणा. बऱ्याच मशीनवर ०.०५ ते ०.०८ च्या आसपास चांगलं जमतं. कंपनीचा प्रीसेट निवडला म्हणून गाफील राहू नका. फोकस किंवा खोली बदलली की काही मशीनवर एमआय आपोआप सरकतो, तेव्हा कोपऱ्यातला आकडा स्वतः वाचा. फोकस गाठीच्या किंचित खाली ठेवा, म्हणजे वरच्या थरातले बुडबुडे कमी फुटतात. गेन इतका कमी करा की इंजेक्शनआधी पडदा जवळजवळ काळा दिसेल, डायफ्रॅम आणि मोठ्या वाहिन्यांच्या भिंती तेवढ्या जेमतेम जाणवतील. आधीच पडदा राखाडी असेल तर गाठ उजळली की नाही हे नंतर कुणीच खात्रीने सांगू शकत नाही. फ्रेम रेट सेकंदाला १० च्या खाली जाऊ देऊ नका.

टायमर आणि क्लिप रेकॉर्डिंगची बटणं कुठे आहेत ते एकदा दाबून पाहा. पहिल्या क्लिपची लांबी ६० सेकंद तरी हवी. अनेक मशीनवर ती मुळात ५-१० सेकंदांवर असते आणि हे इंजेक्शन दिल्यानंतर लक्षात येतं.

व्हायल तयार करणं

किटमध्ये २५ मिलिग्रॅम पावडरची व्हायल, ५ मिली सलाईन भरलेली सिरिंज आणि दोन्ही जोडणारा स्पाइक असतो. सिरिंजला दांडा लावा, स्पाइक फिरवून घट्ट बसवा, व्हायल स्पाइकच्या पारदर्शक नळीत खटकन आवाज येईपर्यंत दाबा, सगळं सलाईन आत सोडा. आता जोरात हलवा, पूर्ण २० सेकंद. घड्याळ लावून हलवा, अंदाजाने नको. पावडरचा कणही न उरता एकसारखं पांढरं मिश्रण तयार झालं पाहिजे.

हे मिश्रण तसंच ठेवलं की तापवून ठेवलेल्या दुधावर साय यावी तसे बुडबुडे वर गोळा होतात आणि खाली नुसतं पाणी राहतं. म्हणून औषध इंजेक्शनच्या अगदी आधीच सिरिंजमध्ये ओढायचं, आणि ओढण्याआधी व्हायल पुन्हा हलवायची. भरलेली सिरिंज ट्रेमध्ये ठेवून प्रोबची खिडकी शोधत बसलात तर रुग्णाच्या शिरेत आधी पाणी जाईल. ओढताना दांडा झटक्याने मागे खेचू नका आणि देताना जोर लावू नका. दाब आणि पोकळी दोन्हींनी बुडबुडे मरतात. तयार व्हायल ६ तासांपर्यंत चालते, पण त्याच रुग्णाला दुसरा डोस लागू शकतो म्हणून ती हाताशी ठेवायची, उद्यासाठी नाही.

लिव्हरसाठी पत्रकातला डोस २.४ मिली आहे. नव्या, संवेदनशील मशीनवर १.२ मिलीतही काम होतं. डोस जास्त झाला तर वरचा थर इतका चमकतो की खाली सावली पडते. उथळ भागासाठी उच्च फ्रिक्वेन्सीचा लिनियर प्रोब वापरत असाल तर मात्र डोस वाढवावा लागतो, कारण या आकाराचे बुडबुडे सर्वांत चांगले थरथरतात ते ३ मेगाहर्ट्झच्या आसपास. मुलांमध्ये लिव्हरसाठी किलोमागे ०.०३ मिली.

पहिलं मिनिट

आता कुणी बोलायचं नाही. सिस्टरला आधीच सांगून ठेवा: “मी ‘द्या’ म्हटलं की औषध दोन-तीन सेकंदांत, लगेच थ्री-वे फिरवून ५ ते १० मिली सलाईन.” सलाईन सुरू होताच टायमर सुरू. हा क्षण सेंटरमध्ये कायम एकच ठेवा. कधी औषधाबरोबर, कधी सलाईन संपल्यावर टायमर लावला तर ५५ आणि ६५ सेकंदांतला फरक निरर्थक होतो, आणि पुढे दिसेल की निदान त्याच फरकावर उभं आहे.

इंजेक्शन दिलं की प्रोब हलवायचा नाही. रेकॉर्डिंग चालू. लिव्हरला एक चतुर्थांश रक्त धमनीतून आणि बाकीचं आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळतं. म्हणून १० ते २० सेकंदांच्या दरम्यान आधी धमन्या झगमगतात, आणि ३०-४५ सेकंदांपर्यंत फक्त धमनीचं राज्य असतं. बहुतेक कॅन्सर धमनीवर जगतात, त्यामुळे या पंचवीसेक सेकंदांत गाठ कशी भरते हे निदानाचं अर्धं काम. डोळ्यांनी पकडायला हे फार वेगवान असतं. तेव्हा ताण घेऊ नका, गाठ चौकटीत ठेवा. क्लिप नंतर एकेक फ्रेम करून पाहता येते.

पाहायचं काय? गाठ सगळीकडून एकदम उजळली का? कडेलाच कड्यासारखी उजळली? परिघावर वेगवेगळे ठिपके उमटून ते आत सरकू लागले? की मध्यातून एक धमनी निघून चाकाच्या आऱ्यांसारखी बाहेर पसरली?

काकांची गाठ १७ व्या सेकंदाला भोवतालच्या लिव्हरपेक्षा आधी आणि एकसारखी उजळली, असं समजू.

६० सेकंदांपर्यंत सलग पाहा. त्यानंतर इमेज फ्रीज करा किंवा प्रोब उचला.

पुढची चार मिनिटं: धीर

प्रोब का उचलायचा? एमआय कितीही कमी असला तरी एकाच पातळीवर सतत आवाज पडत राहिला तर तिथले बुडबुडे संपत जातात. मग गाठ काळी पडलेली दिसते. ती रक्त ओसरल्यामुळे नसते, आपणच फोडलेल्या बुडबुड्यांमुळे असते. उजळलेली गाठ नंतर भोवतालच्या लिव्हरपेक्षा काळवंडणं म्हणजे वॉशआउट; निरुपद्रवी हिमॅन्जिओमालाही (रक्तवाहिन्यांच्या गाठीलाही) असा खोटा वॉशआउट येऊ शकतो. खात्री करायची असेल तर प्रोब किंचित बाजूला सरकवून न तपासलेली पातळी पाहा. तिथे लिव्हर छान उजळलेली असेल आणि तुमच्या जुन्या जागी गाठीसकट सगळंच काळपट असेल, तर ते तुमच्या हातचं आहे.

म्हणून ६० सेकंदांनंतर दर २०-३० सेकंदांनी काही सेकंदच पाहायचं, छोटी क्लिप साठवायची आणि थांबायचं. २ मिनिटांपर्यंत पोर्टल अवस्था, त्यापुढे उशिराची अवस्था. बुडबुडे पूर्ण विरेपर्यंत, साधारण ४ ते ६ मिनिटं, हे चालू ठेवायचं.

आणि इथेच धीर सुटतो. बाहेर रांग असते, दुसरी पेशंट लघवी धरून बसलेली असते, २ मिनिटं झाली, गाठ अजून लिव्हरइतकीच उजळ दिसते आहे, तर ‘वॉशआउट नाही’ असं ठरवून जेल पुसायला दिलं जातं. लिव्हरच्या स्वतःच्या कॅन्सरचा, हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमाचा, वॉशआउट मुळात उशिरा येतो आणि सौम्य असतो. कधी तिसऱ्या मिनिटाला, कधी चौथ्या. चांगल्या वळणाचा, कमी आक्रमक कॅन्सर तर आणखी उशीर लावतो. म्हणजे ज्या रुग्णाला लवकर निदानाचा सर्वांत जास्त फायदा होणार, त्याचीच गाठ घाई करणाऱ्याच्या हातून सुटते. काकांची गाठ २ मिनिटांना समसमान दिसते. ३ मिनिटं २० सेकंदांना ती भोवतालच्या लिव्हरपेक्षा किंचित मंद होते, काळीकुट्ट होत नाही. हाच तो सौम्य, उशिराचा वॉशआउट.

शेवटच्या मिनिटात पूर्ण लिव्हर एकदा फिरून घ्या. उशिराच्या अवस्थेत निरोगी लिव्हर उजळ आणि मेटास्टेसिस (दुसरीकडून पसरून आलेले कॅन्सरचे डाग) काळे असतात, त्यामुळे साध्या चित्रात न दिसलेला छोटासा डागही कधी कधी इथे सापडतो. असा नवा डाग दिसला किंवा पहिली अवस्था हुकली, तर व्हायलमध्ये दुसरा डोस आहेच. आधीचे बुडबुडे विरेपर्यंत थांबा, किंवा फ्लॅशने उरलेले फोडून टाका. फ्लॅश म्हणजे क्षणभर वाढवलेला एमआय.

चित्र वाचणं

पहिला नियम: रुग्ण कोणता आहे ते आधी, चित्र नंतर. काकांसारखा सिरोसिसचा किंवा दीर्घकालीन हिपॅटायटिस बीचा प्रौढ रुग्ण असेल तर अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीची कॉन्ट्रास्ट सोनोग्राफीसाठीची, गाठींचे वर्ग ठरवणारी लाय-रॅड्स पद्धत लागू होते. तिच्यात गाठ १० मिलिमीटर किंवा मोठी, धमनीच्या अवस्थेत पूर्ण किंवा काही भागात जास्त उजळलेली (कडं नव्हे, परिघावरचे गोळे नव्हेत), आणि ६० सेकंदांनंतर सुरू झालेला सौम्य वॉशआउट, हे तिन्ही जमलं तर एलआर-५, म्हणजे हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा निश्चित. काकांची गाठ यात बसते, बायोप्सीची गरज पडत नाही. हीच गाठ उजळली असती पण काळवंडली नसती तर ती एलआर-४, म्हणजे बहुधा कॅन्सर पण निश्चित नाही, ठरली असती.

कड्यासारखं उजळणं, ६० सेकंदांच्या आतच वॉशआउट, किंवा २ मिनिटांच्या आत भोक पाडल्यासारखं ठार काळं होणं, यांतलं एक जरी दिसलं तरी एलआर-एम. गाठ कॅन्सरची असण्याची दाट शक्यता, पण हिपॅटोसेल्युलरच असं म्हणता येत नाही. पित्तनलिकेचा कॅन्सर किंवा मेटास्टेसिस असू शकतो. इथे बायोप्सी लागते.

ही पद्धत बड-कियारीच्या रुग्णाला लावू नका. लिव्हरमधून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा बंद पडल्याने तिथे धमनीवर पोसलेल्या निरुपद्रवी गाठी तयार होतात आणि त्या हुबेहूब कॅन्सरसारख्या उजळतात. १८ वर्षांखालच्यांनाही ती लागू नाही.

लिव्हर निरोगी असलेल्या माणसात चित्र बरंच सोपं होतं. उशिराच्या अवस्थेपर्यंत गाठ उजळ राहिली तर ती जवळजवळ नेहमी साधी निघते. परिघावर ठिपके, मग हळूहळू आत भरत जाणं आणि शेवटपर्यंत टिकणं म्हणजे हिमॅन्जिओमा. मध्यातून आऱ्यांसारखं भरणं आणि काळं न पडणं म्हणजे फोकल नोड्युलर हायपरप्लेसिया. सगळ्या अवस्थांत भोवतालच्या लिव्हरशी एकरूप राहणारा, पित्ताशयाजवळचा काळसर भाग म्हणजे चरबी न साचलेला लिव्हरचाच तुकडा. अशा माणसाला ‘कॅन्सर असू शकतो’ या धास्तीतून पाच मिनिटांत सोडवता येतं, आणि या तपासणीतलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. कडं उजळून मध्यभाग कधीच न उजळणारी, ताप असलेल्या रुग्णातली गाठ गळवाची असू शकते. पण तसंच चित्र मध्यात सडलेल्या मेटास्टेसिसचंही दिसतं, तेव्हा ताप आणि रक्ताचे रिपोर्ट शेजारी ठेवा.

सिरोसिसच्या रुग्णात पोर्टल शिरेत गुठळी असेल तर तीही याच इंजेक्शनमध्ये पाहून घ्या. साधी गुठळी शेवटपर्यंत काळीच राहते. कॅन्सर शिरेत वाढलेला असेल तर ती धमनीच्या अवस्थेत उजळते, आणि मग उपचाराची सगळी आखणीच बदलते.

त्रास झाला तर

इंजेक्शननंतर रुग्णाला ३० मिनिटं नजरेसमोर ठेवा आणि तोवर सुई काढू नका. डोकं दुखणं, मळमळ, टोचल्या जागी गरम वाटणं हे किरकोळ असतं, आपोआप जातं. अंगावर गांधी उठणं, आवाज बसणं, धाप, घाम, रक्तदाब कोसळणं दिसलं तर विचार करत बसू नका. आडवं झोपवा, पाय उंच करा, प्रौढ व्यक्तीला १:१००० अॅड्रेनलिन ०.५ मिली मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत द्या, ऑक्सिजन लावा, सलाईन जोरात सोडा, मदत बोलवा. पाच मिनिटांत फरक नसेल तर अॅड्रेनलिन पुन्हा. अॅविल आणि हायड्रोकॉर्टिसोन नंतर द्या. आधी ती शोधण्यात वेळ जातो आणि जीव वाचवणारं औषध मागे राहतं.

रिपोर्ट

‘कॉन्ट्रास्ट दिल्यावर गाठ उजळली व नंतर वॉशआउट दिसला’ या वाक्याचा पुढच्या डॉक्टरला काहीच उपयोग नाही. औषधाचं नाव, डोस, किती इंजेक्शनं, एमआय, गाठीचा सेगमेंट आणि माप, उजळायला सुरुवात कितव्या सेकंदाला आणि कोणत्या आकृतीत, वॉशआउट नेमका किती मिनिट-सेकंदाला सुरू झाला, सौम्य की ठार काळा, तपासणी कितव्या मिनिटापर्यंत चालली, हे सगळं लिहा. वॉशआउट दिसला नाही असं लिहिताना ‘५ मिनिटांपर्यंत’ हे शब्द हवेतच. गाठ काही क्षण चौकटीबाहेर गेली असेल तर तेही लिहा. क्लिप जपून ठेवा. दुसऱ्या डॉक्टरला शंका आली तर पुन्हा टोचण्यापेक्षा क्लिप पाहणं सोपं.

काकांच्या रिपोर्टमध्ये आणखी एक ओळ लागेल. बुडबुड्यांनी एका इंजेक्शनमध्ये एका गाठीची धमनीची अवस्था नीट पाहता येते, पूर्ण लिव्हरची नाही. डायफ्रॅमखालच्या कोपऱ्यातली दुसरी गाठ, पोटातल्या लसिका ग्रंथी, फुफ्फुसं यांविषयी ही तपासणी बोलत नाही. गाठ कसली हे कळलं, कॅन्सर किती पसरला हे कळलेलं नाही. त्यामुळे ऑपरेशन किंवा अॅब्लेशनचा (गाठ जागीच नष्ट करण्याचा) निर्णय होण्याआधी पूर्ण लिव्हरसाठी सीटी किंवा एमआरआय लागेलच, असं मुलाला समजावून सांगा. फरक एवढाच की आता हेपॅटोलॉजिस्ट आणि किडनीचे डॉक्टर एकमेकांशी बोलतील तेव्हा कॉन्ट्रास्टची जोखीम कशासाठी घ्यायची हे दोघांनाही ठाऊक असेल, आणि तारीख ‘पुढच्या महिन्यात बघू’ अशी पडणार नाही.